वाटेतला मुक्काम

स्मरणिकेसाठी लेख पाठवावा, असा शाळेचा निरोप आला तेव्हा मनात पहिल्यांदा आल्या त्या नेहमीच्याच आठवणी. पहाटेची घंटा, वंदनेनंतरची रांग, भोजनगृहातला डाळीचा वास, पहिल्या रात्री उशीत तोंड खुपसून रडलेली मुलगी. त्या माझ्या आधीच्यांनी लिहिल्या आहेत आणि माझ्यापेक्षा चांगल्या लिहिल्या आहेत. म्हणून या वेळी शाळेपासून हजारभर किलोमीटर दूर असलेल्या एका रस्त्याविषयी लिहिते. रस्ता परका असला तरी त्यावरून गेलेल्या चौघी याच वसतिगृहात वाढलेल्या आहेत. एवढे नाते पुरेसे मानून वाचकांनी हा लेख येथे खपवून घ्यावा.

आम्ही चौघी दहावीला एका बाकाच्या मागेपुढे बसत असू. आज त्यांतली एक सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे, एक बँकेत अधिकारी, एक पंचायत समितीत विस्तार अधिकारी आणि मी इतिहास शिकवते. गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या सुट्टीत भेटलो तेव्हा बँकेतली म्हणाली, "आयुष्यभर लग्नाला, बारशाला नाहीतर मयताला गेलो. नुसतं बघायला म्हणून कधी कुठं गेलो का गं?" कोणालाच उत्तर सुचेना. मग कुठे जायचे, याचा विचार सुरू झाला आणि चौघींच्याही तोंडी एकदमच राजस्थान आले. नववीत भूगोलाच्या गुरुजींनी फळ्यावर भारताचा नकाशा काढला होता. पश्चिमेकडे थरच्या वाळवंटाची जागा त्यांनी कोरी सोडली, तिच्यात एक उंट काढला आणि म्हणाले, "इथे माणूस पाणी मोजून पितो." वर्ग खो खो हसला. वसतिगृहाची विहीर त्या मे महिन्यात तळाला गेली होती आणि आम्हांला दर डोई एक बादली मिळत होती.

जोधपूर ते जैसलमेर असा मोटारीचा प्रवास ठरला. मुंबईहून रेल्वेने जोधपूर गाठायचे, तेथे गाडी भाड्याने घ्यायची आणि बँकेतल्या मैत्रिणीने ती चालवायची. तिचा हात गाडीवर चांगला बसलेला आहे. महिन्याचा प्रश्न आपोआप सुटला. या वाटेवर फलोदी नावाचे गाव लागते. १९ मे २०१६ रोजी तेथे ५१ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते, भारतात तोवर नोंदलेले सर्वाधिक. तेव्हा मे महिन्याची सुट्टी बाद. डिसेंबर उत्तम, मात्र डिसेंबरात रात्री हाडे गोठवणारी थंडी पडते आणि दिवस आखूड असतो. जैसलमेरकडे सूर्य सातनंतर उगवतो आणि सहाच्या आत मावळतो. आपल्या हाती दहा-साडेदहा तासांचा उजेड, असे धरूनच बेत आखावा लागतो. अंधार पडल्यावर त्या रस्त्यांवर गाडी चालवायची नाही, हा नियम मी सुरुवातीलाच घातला. रस्ता चांगला आहे आणि सरळ आहे. धोका त्या सरळपणातच आहे. वेग वाढतो, डोळा लागतो आणि गायी, नीलगायी, उंट अंधारातून अचानक डांबरावर येतात.

मोबाइलवरचा नकाशा म्हणतो की जोधपूरहून जैसलमेर सुमारे २८० किलोमीटर आहे आणि पाच तासांत पोचाल. तो सांगतो तो रस्ता देचूवरून पोकरणला जातो. पोचणे एवढाच हेतू असेल तर तोच योग्य. आम्हांला मात्र वाटेत थांबायचे होते. म्हणून मी कागदावर दुसरी रेघ ओढली: जोधपूरहून ओसियां ६५ किलोमीटर, ओसियांहून फलोदी साधारण ७५, तेथून रामदेवरावरून पोकरण ६०, आणि पोकरणहून जैसलमेर ११०. तीसेक किलोमीटरचा वळसा. त्या वळशावर ओसियांची आठव्या शतकापासूनची मंदिरे आहेत, तेथेच पहिल्या वाळूच्या टेकड्या लागतात, आणि फलोदीजवळ खीचन हे गाव आहे. थंडीत मंगोलिया आणि मध्य आशियाकडून करकोचे हजारोंच्या संख्येने तेथे उतरतात. तिकडे त्यांना कुरजां म्हणतात. गावकरी पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्यासाठी धान्य पसरत आले आहेत. २०२५ साली हे ठिकाण रामसर यादीतही गेले. पक्षी दाण्यावर येतात ते सकाळी. सकाळी तेथे असायचे तर आदली रात्र फलोदीच्या आसपास काढायला हवी.

येथवर सगळे काम अंकगणिताचे होते. रात्र कोठे काढायची, हा प्रश्न मात्र अंकगणिताने सुटत नाही. निदान आपला तरी नाही.

'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात बाबासाहेबांनी पहिलाच प्रसंग सांगितला आहे तो एका प्रवासाचा. दरवर्षी मी तो नववीच्या वर्गात सांगते. १९०१ साल. वडील गोरेगावला नोकरीवर. मुले सुट्टीत त्यांना भेटायला निघतात. नवे कपडे, जरीच्या टोप्या, रेल्वेचा पहिलाच प्रवास. मसूर स्थानकावर उतरतात तर घ्यायला कोणी नाही. जात कळताच स्थानकप्रमुखाचा चेहरा बदलतो. दुप्पट भाड्याच्या बोलीवर एक गाडीवान तयार होतो, तोही मुलांनीच गाडी हाकावी आणि आपण पायी चालावे या अटीवर. शिदोरी भरपूर असते. पाणी कोणी देत नाही, आणि पाण्यावाचून घास उतरत नाही. रात्र होते ती जकात नाक्यावर. गाडीवान सुचवतो की मुसलमान आहोत असे सांगून पाणी मागा. छोटा भीमराव तसे सांगतो, तरीही पाणी मिळत नाही. मुले उपाशी झोपतात.

वर्गात हा प्रसंग सांगताना माझा भर पाण्यावर असे. पण या वेळी प्रवासाचा बेत आखायला बसले आणि तोच प्रसंग मला बेताच्या बाजूने दिसू लागला. मुलांनी काय चूक केली होती? काहीच नाही. येत असल्याचे पत्र त्यांनी आधी धाडले होते. ते ज्या नोकराच्या हाती पडले, तो ते वडिलांना द्यायला विसरला. इतर कोणाच्या बाबतीत अशा विसराळूपणाची किंमत काय झाली असती? स्थानकावर तासभर ताटकळणे, फार तर कोणाच्या तरी ओसरीवर एक रात्र. या मुलांना त्याची किंमत चोवीस तासांची तहान देऊन मोजावी लागली. बेतात चुकीला जागा असणे हीदेखील एक मिळकत असते. ती सर्वांना सारखी वाटलेली नाही.

माझ्या नोकरीच्या पाचव्या-सहाव्या वर्षी मी चाळीस मुलींची सहल घेऊन गेले होते. एका तीर्थाच्या गावी धर्मशाळेत मुक्काम करायचा होता. खोल्यांसाठी आधी पत्र पाठवले होते, होकारही आला होता. संध्याकाळी पोचलो. कार्यालयातल्या गृहस्थांनी वही पुढे ओढली आणि माझे पूर्ण नाव विचारले. मग शाळेचे नाव. मग त्यांनी वही मिटली आणि सांगितले की खोल्या भरल्या आहेत. मी पत्र दाखवले. ते म्हणाले, "पत्र आहे, पण खोल्या नाहीत." ती रात्र आम्ही एसटी स्थानकाच्या फरशीवर सतरंज्या टाकून काढली. मुलींनी गाणी म्हटली, त्यांना ती गंमत वाटली असावी, असे मी मानून घेतले. पहाटे तोंड धुताना सातवीतली एक मुलगी जवळ आली. "बाई, त्यांच्या मागं भिंतीवर खिळ्यांना सगळ्या किल्ल्या टांगल्या होत्या ना?" मी तिला काय उत्तर दिले, ते आठवत नाही. बहुधा दिलेच नाही.

"आता कोण विचारतं गं आई? ऑनलाइन खोली घे, पैसे भर, जा," असे माझा मुलगा म्हणतो. त्याचे म्हणणे खोटे नाही. यंत्र आडनावाकडे पाहत नाही, आणि या एका गोष्टीसाठी मी यंत्राची ऋणी आहे. जैसलमेरची खोली आम्ही तशीच घेतली. पण वाळवंटातल्या एखाद्या ढाणीवर, म्हणजे वस्तीवर, राहावे अशी बँकवालीची हौस होती. तिने ओसियांकडचे एक घरगुती निवासस्थान शोधले. गोल झोपड्या, शेणाने सारवलेले अंगण, छायाचित्रे फार सुरेख. फोन परिचारिकेने केला. पलीकडचा माणूस अगत्याने बोलत होता. जेवणाचे सांगितले, उंटाचे सांगितले, मग सहज विचारावे तसे विचारले, "आपण कोणत्या समाजाच्या?" ती म्हणाली, "बौद्ध." क्षणभर शांतता. मग त्याने विचारले, "म्हणजे जपानहून येताय?" आम्ही पोट धरून हसलो. दोन दिवसांनी त्याचा निरोप आला की झोपड्यांची दुरुस्ती काढली आहे, या महिन्यात जमणार नाही. खरोखरच दुरुस्ती असेल. वाळवंटात छपरे वाऱ्याने उडतातच. खरे-खोटे ठरवायला आमच्याकडे साधन नव्हते. इतिहासात मी मुलांना शिकवते की पुराव्यावाचून निष्कर्ष काढू नये. वाईट एवढेच वाटते की तो न काढलेला निष्कर्ष मग आपल्यालाच बाळगत हिंडावे लागते.

शेवटी माझी जुनी वही कामी आली. काही वर्षांपूर्वी दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या दुकानासमोर रांगेत एक राजस्थानी गृहस्थ भेटले होते. फलोदीकडचे निवृत्त शिक्षक, मेघवाल समाजातले. तिकडे शिक्षकाला माडसाब म्हणतात. त्यांना फोन लावला. त्यांनी माझे बोलणे पुरते ऐकूनही घेतले नाही. "बहनजी, फक्त किती वाजता येणार ते सांगा." मी तारीख सांगितली. आठवड्याने पुन्हा फोन करून सांगितली. निघण्याच्या चार दिवस आधी एक पोस्टकार्डही टाकले. मैत्रिणींनी चेष्टा केली. मी म्हटले, मसूरला जे झाले ते माझ्या बेतात होणार नाही.

चेष्टेचा दुसरा विषय म्हणजे माझा पाण्याचा कॅन. वीस लिटरचा एक, शिवाय दर डोई दोन बाटल्या. विस्तार अधिकारी मैत्रीण म्हणाली, "अगं, दर दहा मैलांवर दुकान आहे. बाटलीबंद पाणी कोण कोणाला नाही म्हणतंय?" तिचे बरोबर होते. तरी कॅन गाडीत चढला. बाकी सामानात टायरचा दाब मोजायचे यंत्र, मिठाचे शेंगदाणे, चार घोंगड्या आणि एक घडीची छत्री. ही छत्री उन्हासाठी नव्हे. त्या उघड्या माळावर बायकांना आडोसा मिळत नाही, आणि प्रवासवर्णने लिहिणाऱ्या पुरुषांना ही अडचण कधी आलेली दिसत नाही. पेट्रोल पंप दिसला की गरज असो वा नसो, थांबायचे, हा नियम परिचारिकेने घातला आणि तोच सर्वांत शहाणपणाचा ठरला.

जोधपूरला एक दिवस मेहरानगडासाठी ठेवला होता. राव जोधाने १४५९ साली त्याचा पाया घातला. किल्ला अभेद्य व्हावा म्हणून पायात एका माणसाला जिवंत पुरले, त्याचे नाव राजाराम मेघवाल, अशी परंपरा आहे. किल्ल्यावर त्याच्या नावाचा फलक आहे. त्याच्या कुटुंबाला जमीन दिली, असेही सांगतात. त्याने स्वेच्छेने प्राण दिले, असेही. या 'स्वेच्छेने' शब्दापाशी इतिहासाचा विद्यार्थी थबकतो. राजाने मागितलेल्या जिवाला नकार देण्याची सोय त्या माणसाला होती का, हे विचारल्यावाचून तो शब्द वापरता येत नाही. आम्ही चौघी फलकापुढे जरा वेळ उभ्या राहिलो. मागून येणारे पर्यटक तोफा बघायला पुढे जात होते. परिचारिका म्हणाली, "एवढ्या मोठ्या गडावर तटाचं, तोफांचं, दरवाज्यांचं नाव आहे. बांधणाऱ्यांतलं नाव सापडलं ते पुरलेल्याचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. जोधपूर मागे पडले की झाडे बुटकी होत जातात आणि खेजडी तेवढी उरते. आपली शमी ती हीच. शेतात बाजरीचे बुडखे उभे होते. ओसियांला नक्षीकाम पाहण्यात वेळ अधिक गेला, वाळूच्या टेकडीवर चढून-घसरून झाले, आणि साडेचार वाजता फलोदीच्या अलीकडे माडसाबांच्या गावाचा फाटा सापडला. नियमाप्रमाणे उजेडात.

ते फाट्यावरच उभे होते. चारपासून, असे नंतर कळले. घर साधे, दोन खोल्या, समोर सिमेंटचे मोठे अंगण. ते अंगण म्हणजे खरे तर पाणलोट होते. मधोमध जमिनीत टाके, आणि सगळ्या बाजूंनी त्याच्याकडे हलका उतार. पावसाचा थेंबही बाहेर जाऊ नये, अशी रचना. या भागात वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तो अडवायच्या जितक्या युक्त्या येथे निघाल्या, तितक्या आपल्याकडच्या दुष्काळी तालुक्यांत निघाल्या असत्या तर टँकरचा धंदा बसला असता. पुढे जैसलमेरकडे शेतात बांध घालून ओल धरणारे खडीनही पाहिले, आणि सतलज-बियासचे पाणी आणणारा कालवा तर आता वाळवंटात पार आतवर पोचला आहे. पण माडसाबांचे सांगणे टाक्याविषयीच होते. लहानपणी त्यांच्या वस्तीला स्वतःचे टाके नव्हते. गावच्या तळ्यापाशी त्यांची आई घागर घेऊन दूर बसून राही. वरच्या आळीतले कोणी येऊन ओतेल तेव्हा पाणी. कधी तासात, कधी दुपार टळल्यावर. पहिल्या पगारातून त्यांनी काय केले असेल? आईला लुगडे घेतले नाही, हे टाके खोदायला काढले. पुरे व्हायला तीन वर्षे लागली.

माझा कॅन गाडीतून खाली उतरताना त्यांनी पाहिला आणि त्यांची सून तोंडाला पदर लावून हसली. रात्री बाजरीची भाकरी, केर-सांगरीची भाजी, ताक. थंडी इतकी की घोंगड्याही थिट्या पडल्या. झोपताना मी विचारले, रात्री पाणी लागले तर? टाक्याच्या झाकणाला कुलूप होते, ते मी पाहिले होते. माडसाबांनी दाराच्या चौकटीकडे बोट केले. "किल्ली तिथं खिळ्याला असते. उठवू नका कुणाला, घ्या."

मला रात्री तहान लागली नाही. तरी मी एकदा उठले.

सकाळी खीचनला आकाश आधी आवाजाने भरले आणि मग पक्ष्यांनी. करड्या पंखांच्या, काळ्या गळ्याच्या रांगांमागून रांगा उतरत होत्या. बँकवाली, जी मोजण्यात आयुष्य घालवते, तिने दोनशेपर्यंत मोजले आणि नाद सोडला. तेथून रामदेवरा. रामदेव पीरांच्या समाधीशेजारी डालीबाईची समाधी आहे. ती मेघवालांच्या घरची, रामदेवांनी बहीण मानलेली. तिने त्यांच्याही आधी समाधी घेतली, असे भक्त मानतात. हिंदू-मुसलमान दोघेही येथे येतात. पोकरणला आम्ही चहापुरत्या थांबलो. १८ मे १९७४ च्या अणुचाचणीला बुद्धाच्या स्मिताचे नाव दिले गेले, आणि १९९८ ची पहिली चाचणी ११ मे रोजी, नेमकी वैशाख पौर्णिमेला झाली. चहाच्या टपरीवर बसून विस्तार अधिकारी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "दुसरं एखादं नाव सुचलं नसतं का?" पोकरणच्या पुढे पवनचक्क्यांच्या रांगा आणि विजेच्या तारा दिसल्या. आपल्या नान्नजचा माळढोक आता येथेच काय तो उरला आहे आणि या तारांवर आदळून मरतो. आम्हांला एकही दिसला नाही. जैसलमेरचा पिवळा किल्ला, सम येथल्या टेकड्यांवरचा सूर्यास्त, कुलधराची ओसाड घरे, हे सारे इतरांनी खूप वर्णिले आहे. सुंदर आहे, जरूर पाहावे, आणि समला गर्दी फार असते हे धरून चालावे.

निघताना माडसाबांनी माझा कॅन टाक्यातल्या पाण्याने भरून गाडीत ठेवला होता. आमच्या घरचे पाणी त्यांनी अंगणातल्या कडुनिंबाला घातले, तेही आमच्यादेखत, हसत हसत.

परतल्यावर आठवड्याने त्यांचा फोन आला. आवाज अगदी गंभीर. "बहनजी, तुमचं कार्ड आज पोचलं. मंगळवारी येताय असं लिहिलंय. स्वयंपाक किती जणींचा करायचा?"